फार्म. डी. इंटर्नशिप आणि वॉर्डातली रोटेशन: गोव्यातल्या मुलांचे, पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातून फार्म. डी. करायला बेळगाव, मंगळुरू, मणिपाल, म्हैसूर इकडे जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील मला बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात. मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, इंटर्न मुलांना वॉर्डात घेऊन फिरते. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरं काम तिथेच आहे. काही एका ओळीत संपतात.

फार्म. डी. म्हणजे बी. फार्म.चीच मोठी डिग्री का?

नाही. बी. फार्म. चार वर्षांचं असतं आणि त्याचा कल औषध बनवणं, तपासणं, विकणं याकडे जास्त. फार्म. डी. सहा वर्षांचं: पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. भारतात ते २००८ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी सुरू झालं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला गणित किंवा जीवशास्त्र लागतं, डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालेल्यांनाही पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो. बी. फार्म. झालेल्यांना थेट चौथ्या वर्षाला घेतात, म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून तीन वर्षांचा.

फरक एका वाक्यात सांगायचा तर इथे अभ्यासाचा विषय गोळी नसून ती गोळी घेणारा माणूस आहे.

गोव्याला फार्मसीचं शिक्षण नवं नाही. १८४२ साली पणजीत निघालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत फार्मसीही शिकवत. त्याच शाळेचं पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि पणजीचं सरकारी गोवा कॉलेज ऑफ फार्मसी १९६३ पासून आहे. वॉर्डात जाऊन डॉक्टरांबरोबर राउंड घेणारा फार्मासिस्ट मात्र आपल्याकडच्या लोकांना अजून नवाच आहे. म्हणून तर एवढे प्रश्न येतात.

क्लर्कशिप, इंटर्नशिप, रेसिडेन्सी, रोटेशन: यात फरक काय?

क्लर्कशिप पाचव्या वर्षात असते. तेव्हा तुम्ही विद्यार्थी असता: राउंडला जाता, केस लिहिता, परीक्षेत ती मांडता. इंटर्नशिप सहाव्या वर्षात, आणि तिथे तुमच्याकडे नेमून दिलेल्या वॉर्डाचं फार्मसीचं काम तुम्ही स्वतः पाहायचं असतं, अर्थात प्रिसेप्टरच्या, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या मार्गदर्शकाच्या, देखरेखीखाली. भारतीय नियमात या वर्षाला इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी ट्रेनिंग असंच म्हटलं आहे, त्यामुळे दोन्ही शब्द कानावर येतात. एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरणं म्हणजे रोटेशन.

अमेरिकेतली फार्मसी रेसिडेन्सी वेगळी. ती डिग्री आणि लायसन्स यांच्या पुढची असते: पहिलं वर्ष सर्वसाधारण, हवं तर दुसरं वर्ष एखाद्या खास विषयात, म्हणजे कॅन्सर, अतिदक्षता, बालरोग असं. इथली इंटर्नशिप दाखवून ती पूर्ण झाली असं कुणी मानत नाही. एजंट काहीही सांगो.

कोणत्या विभागात किती महिने?

जनरल मेडिसिन सहा महिने. बाकीचे सहा महिने तीन वेगवेगळ्या विभागांत, प्रत्येकी दोन महिने. विभाग कोणते ते हॉस्पिटलात काय आहे त्यावर ठरतं: शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग.

मुलांना मेडिसिनचे सहा महिने कंटाळवाणे वाटतात आणि कार्डिओलॉजी, आयसीयू यांची घाई असते. माझं मत उलट आहे. मधुमेह, रक्तदाब, किडनी, दमा आणि गुडघेदुखी एकाच माणसाला, अकरा गोळ्या, दोन डॉक्टर आणि एक वैद्य: असा पेशंट मेडिसिन वॉर्डातच भेटतो. त्याची यादी सोडवता आली की पुढचे विभाग जड जात नाहीत.

कॉलेज निवडताना काय पाहायचं?

इमारत पाहू नका, हॉस्पिटल पाहा. नियमाप्रमाणे किमान ३०० खाटांचं हॉस्पिटल कॉलेजशी जोडलेलं हवं. कागदावर ते असतंच. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत ते पाहा. मग सहाव्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: तुमच्याबरोबर रोज वॉर्डात कोण येतं? डॉक्टर तुम्हाला पेशंटची फाइल हातात देतात का? गेल्या आठवड्यात तुमच्या सांगण्यावरून एखादं औषध बदललं का? तिसऱ्या प्रश्नावर मुलगा हसला, तर काय ते समजून घ्या.

कॉलेजला मान्यता आहे की नाही ते फार्मसी कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

इंटर्नशिप गोव्यात येऊन करता येईल का? मुलगी पाच वर्षं बाहेर राहिली, शेवटचं वर्ष तरी घरी येऊ दे.

दर वर्षी येणारा प्रश्न, आणि बहुतेक आईच विचारते. नियमात जिल्हा रुग्णालयात इंटर्न पाठवण्याची सोय आहे. तसं केल्यास कॉलेज आणि रुग्णालय यांच्या प्रतिनिधींची समिती प्रशिक्षणावर लक्ष ठेवते. म्हणजे दार बंद नाही. पण ते उघडायचं की नाही हे तुमच्या कॉलेजच्या आणि इथल्या रुग्णालयाच्या हातात. दोघांचीही लेखी परवानगी आधी हवी. कुणाच्या तोंडी ‘चालेल’वर म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात येऊन बसू नका. शेवटी प्रमाणपत्रावर सही तुमच्या प्राचार्यांचीच लागते.

आणि घरापासून हॉस्पिटल जवळ असणं हा एकच निकष असू नये. जिथे शिकवणारा प्रिसेप्टर नाही तिथे वर्षभर तुम्ही स्टोअरमध्ये खोकी मोजाल.

दिवस कसा जातो?

सकाळी राउंडच्या आधी तासभर लवकर यायचं. रात्रीत आलेले नवे पेशंट, बदललेली औषधं, आलेले रिपोर्ट पाहायचे. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा), पोटॅशियम, लिव्हरचे आकडे, रक्तातली साखर: हे औषधांच्या यादीशेजारी ठेवून वाचायचे. मग डॉक्टरांबरोबर राउंड. दुपारी राहिलेली कामं: पेशंटशी बोलणं, डिस्चार्ज होणाऱ्यांना औषधं समजावणं, नर्स किंवा डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधणं. संध्याकाळी नोंदी.

नोंद चार भागांत लिहायची पद्धत आहे: पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, तुमचा अंदाज काय, पुढे काय करावं. मुलं पहिले दोन भाग पान भरून लिहितात आणि तिसऱ्यात अडतात. तिसराच भाग तुमचा आहे. पहिले दोन तर फाइलमध्ये असतातच.

औषधांचा इतिहास घेणं एवढं महत्त्वाचं का? डॉक्टरांनी तो लिहिलेला असतोच ना?

लिहिलेला असतो: ‘मधुमेह आणि रक्तदाबावर उपचार सुरू’. कोणते उपचार, किती, कधीपासून, खरंच घेतात का, हे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत विचारायला वेळ कुणाला? ते काम तुमचं. सगळ्या रोटेशनमध्ये विभाग बदलतो, आजार बदलतात. हे काम बदलत नाही. पेशंट घरी प्रत्यक्षात काय घेत होता ते शोधा, हॉस्पिटलात काय चाललंय त्याच्याशी ते जुळवा, आणि घरी जाताना त्याच्या हातात कोणती यादी जाते ते पाहा.

निदान दोन ठिकाणांहून माहिती घ्या. पेशंट एक, दुसरं म्हणजे घरच्यांनी आणलेली गोळ्यांची पिशवी, जुनी चिठ्ठी किंवा गावातला औषधवाला. पिशवी खाटेवर रिकामी करायला सांगा. आपल्याकडे त्या पिशवीतून जग बाहेर पडतं. मुलगा कुवेतला, भाची पोर्तुगालला, जावई बोटीवर तारवटी. कुवेतचं पॅनाडॉल, लिस्बनहून आलेलं बेनुरॉन आणि फोंड्यात घेतलेलं डोलो: तिन्ही पॅरासिटामॉल. आजीबाई गुडघ्यासाठी एक, डोक्यासाठी दुसरं आणि तापासाठी तिसरं घेतात, आणि तिन्ही वेगळी औषधं आहेत अशी त्यांची खात्री असते. ब्रँड लिहू नका, घटकाचं नाव लिहा. परदेशी पर्यटक दाखल झाला तर हीच सवय कामी येते: खोका रशियन असला तरी आत कुठेतरी आंतरराष्ट्रीय नाव सापडतं.

‘गोळ्या घेता का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘सकाळी उठल्यापासून काय काय घेता ते सांगा’ असं विचारा. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारा, म्हणजे राहणं हा गुन्हा वाटत नाही. ‘जेवणाआधी’ हा शब्द तर जपून वापरा. शेतात किंवा बागायतीत राबणारा माणूस दहा-अकराला पेज घेतो, दुपारी उशिरा जेवतो. त्याच्या नाश्त्याची वेळ तुमच्या पुस्तकात नाही. म्हणून पेजेआधी की पेजेनंतर, असं विचारा. श्रावणातले उपवास, रमजान यांचंही विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने दिवसभर काही खाल्लं नाही तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते.

मग झाडपाल्याची चौकशी. इथे आवाजात किंचितही टीका आली तर दार बंद. बिंबलाचा रस कोलेस्टेरॉल उतरवायला पिणारे लोक आहेत. लोणच्यात, आमटीत बिंबल खाण्याला कुणाचीच हरकत नाही. पण या फळात ऑक्झलेट भरपूर असतं आणि त्याचा रस भरपूर प्यायल्याने किडनी अचानक बिघडलेले रुग्ण केरळमधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. क्रिएटिनिन का वाढलं याचं उत्तर कधी कधी स्वयंपाकघरात असतं, आणि ते विचारणारा वॉर्डात दुसरा कुणी नसतो.

दारूबद्दल कसं विचारायचं? लाज वाटते.

गोव्यात राहून लाज वाटत असेल तर जरा कठीण आहे! सरळ विचारा: ‘आता हुर्राकाचा हंगाम आहे, घेता का? किती?’ मार्च-एप्रिलमध्ये हा प्रश्न अगदी साधा वाटतो. सेफोपेराझोन नावाचं इंजेक्शन चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असा त्रास होतो. मेट्रोनिडाझोलबद्दलही तोच इशारा दिला जातो: औषध चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू नको. ‘दारू सोडा’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘गोळ्या शुक्रवारी संपतात, तर सोमवारपर्यंत थांबा’ असं सांगितलेलं लोक पाळतात. सोडण्याचा विषय वेगळा आणि तो डॉक्टरांसमोर काढा. रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलात अचानक बंद झाली तर त्यातूनही धोका उभा राहतो, म्हणून खरा आकडा डॉक्टरांना कळलाच पाहिजे.

डॉक्टर आपलं ऐकतात का?

नेमकं बोललात तर ऐकतात. ‘सर, किडनी खराब आहे, डोस बघा’ याला उत्तर मिळत नाही. एक उदाहरण घेऊ. सत्तर वर्षांची बाई, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.४. पायातल्या रक्ताच्या गुठळीसाठी एनॉक्सापॅरिन दर किलोला १ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा सुरू आहे. १.४ हा आकडा फारसा भयंकर दिसत नाही, म्हणून नजर पुढे सरकते. आता क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची गती, काढायला कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा. १४० वजा वय, म्हणजे ७०. गुणिले वजन ४८, झाले ३३६०. खाली ७२ गुणिले १.४, म्हणजे १००.८. भागाकार ३३.३, स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचं, आले २८.३ मि.लि. प्रति मिनिट. ३० च्या खाली हा डोस दिवसातून एकदाच देतात. दोनदा दिला तर औषध साठतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

आता बोला: ‘सर, सात नंबरच्या पेशंटचा क्रिएटिनिन क्लिअरन्स २८ येतोय. एनॉक्सापॅरिन ४८ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा करावं का?’ आकडा, औषध, पर्याय. पंधरा सेकंद. निर्णय त्यांचा. भारतात फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, आणि इंटर्नला तर नाहीच. त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारा, नोंद करा, प्रिसेप्टरला सांगा. पेशंटसमोर वाद घालायचा नाही. तातडीचं असेल तर राउंड संपायची वाट पाहायची नाही. सिस्टरना लगेच सांगा. वॉर्डातल्या सिस्टरना सगळं आधी कळतं. त्यांच्याशी जमवून घेतलं नाही तर वर्ष जड जाईल.

बालरोग विभागात वेगळं काय?

सगळं वजनावर. आणि मि.लि.वर. आठ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल दर किलोला १५ मि.ग्रॅ. म्हणजे १२० मि.ग्रॅ. १०० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.च्या थेंबांचं ते १.२ मि.लि. होतं; १२० मि.ग्रॅ. प्रति ५ मि.लि.च्या सिरपचं ५ मि.लि. दोन्ही बाटल्यांवर नाव तेच. आईला ‘पाच एमएल द्या’ एवढंच सांगितलं आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात ५०० मि.ग्रॅ. जातील. म्हणून आईच्या हातात बाटली आणि ड्रॉपर द्या, तिलाच भरून दाखवायला सांगा. ‘समजलं ना?’ हा प्रश्नच विचारू नका.

मानसोपचार विभागाची भीती वाटते. टाळता येईल का?

मिळत असेल तर टाळू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेसारख्या ठिकाणी औषधांचं जे निरीक्षण पाहायला मिळतं ते इतरत्र क्वचित मिळतं. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी पाहतात, आणि उपचाराची पातळी व विषाची पातळी यांत अंतर थोडं. पावसाळ्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं, किंवा सांधेदुखीला कुणी डायक्लोफेनॅक दिलं, किंवा रक्तदाबाला थायझाइड जोडलं, तर ती चढते. हात थरथरतात, चाल अडखळते. घरचे म्हणतात, ‘आजार वाढला’. क्लोझापिनला सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करायचं नसतं.

भीती पहिल्या दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी पेशंटच तुम्हाला जेवलात का विचारतात.

ओपीडी किंवा आरोग्य केंद्रात फार्म. डी.वाल्याने काय शिकायचं? तिथे तर नुसत्या गोळ्या वाटतात.

खिडकीवर अर्धा दिवस उभे राहा, मग बोलू. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मि.लि.ची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. बाटली चाळीसची आणि सिरिंज शंभरची अशी जोडी लागली की निशाणी बरोबर दिसते, पण पोटात अडीच पटीने कमी इन्सुलिन जातं. उलट जोडी लागली तर अडीच पट जास्त. साखर हलत नाही म्हणून डोस वाढवण्याआधी ‘सिरिंज दाखवा’ म्हणा. मग इन्सुलिन ठेवता कुठे ते विचारा. पावसाळ्यात वीज गेली म्हणून फ्रीझरच्या कप्प्यात ठेवणारे आहेत; गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

क्षयरोगाच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. त्यातलं रिफाम्पिसिन रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. एचआयव्हीवरचं डोल्यूटेग्राव्हिर सोबत असेल तर ते ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा लागतं. मेथोट्रेक्सेट सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहूनच द्यावं.

मोसमाप्रमाणेही काम बदलतं. पावसात लेप्टोच्या संशयाने डॉक्सीसायक्लिन जातं: पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि घेतल्यावर लगेच आडवं न होता, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, लोहाच्या आणि अँटासिडच्या गोळीपासून दूर. काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातला रानात जाणारा माणूस ताप घेऊन आला तर माकडताप डोक्यात ठेवावा. गोव्यात तो २०१५ पासून आढळतो आहे. त्यात आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. दुकानातून परस्पर घेतलेली ‘अंगदुखीची गोळी’ कोणती, हे तुम्हीच विचारायचं.

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर काय करायचं?

आधी डॉक्टरांना सांगायचं. मग नोंदवायचं. देशाचा औषध-सुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फॉर्म साधा असतो. रुग्ण कोण याची खूण, काय झालं, कोणत्या औषधाचा संशय, कळवणारा कोण: या चार गोष्टींशिवाय नोंद होत नाही. रुग्णाचं पूर्ण नाव लिहायचं नाही, आद्याक्षरं पुरतात. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, तिथे रुग्णसुद्धा कळवू शकतो.

काही डॉक्टर बिचकतात, ‘आपल्या अंगावर येईल’ म्हणून. फॉर्मवर छापलेलंच असतं की नोंद म्हणजे दोषाची कबुली नव्हे. ते त्यांना दाखवा. औषधानेच झालं का हे ठरवायला नारांजोची दहा प्रश्नांची मोजणी वापरतात: ९ किंवा जास्त गुण आले तर निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्यता. आकडा आला म्हणजे विचार संपला असं समजू नका. पेशंटला एकाच दिवशी चार औषधं सुरू झाली असतील तर सगळ्यांना सारखेच गुण मिळतात.

कर्नाटकात कन्नड येत नाही, आणि इथे आलो तर पेशंट कोकणीतून बोलतात. कसं जमणार?

गोव्यातल्या मुलाला कोकणी कळत नाही असं सहसा होत नाही, लाजतात एवढंच. कन्नड मात्र शिकावी लागेल. दुखतं का, कधीपासून, किती वेळा, गोळी दाखवा, उलटी, जुलाब, चक्कर: शंभरेक शब्दांत इतिहास निघतो. बेळगावात मराठीवर बऱ्यापैकी भागतं, मंगळुरूत नाही. नातेवाइकाला दुभाषी करताना जपा. सुनेसमोर सासू दारूचं किंवा झोपेच्या गोळीचं खरं सांगत नाही.

मार्क कसे देतात? नापास होतं का कुणी?

पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते ५ गुण: ज्ञान, कौशल्य, जबाबदारी व वक्तशीरपणा, इतरांबरोबर काम करणं, आणि स्वतःहून पुढाकार. एकाही बाबतीत ३ पेक्षा कमी पडले तर इंटर्नशिप असमाधानकारक ठरते. म्हणजे हुशार पण उशिरा येणारा मुलगा अडकू शकतो, आणि अडकायलाच हवा. रोजच्या कामाची वही प्रिसेप्टरकडून सही करून घ्यायची असते. महिन्याच्या शेवटी तीस पानांवर एकदम सह्या मागायला येऊ नका.

स्टायपेंड?

कॉलेजप्रमाणे बदलतो. कुठे बरा, कुठे नावापुरता, कुठे काहीच नाही. प्रवेश घेतानाच लेखी विचारा.

रात्रपाळी असते का? मुलीच्या सुरक्षिततेचं काय?

बहुतेक ठिकाणी इंटर्न दिवसाच असतात. संध्याकाळ लांबते, तेव्हा हॉस्टेल आवारात आहे की बाहेर, हे आधी पाहून ठेवा. लसींचं मात्र कुणी विचारत नाही, ते मी विचारते: हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले आहेत का?

चवथीला सुट्टी मिळते का?

पेशंटना मिळत नाही! अर्ज आधी द्या, सहकाऱ्याशी अदलाबदल करा, दीड दिवसांचा गणपती असेल तर भागतं. चवथीच्या आधीच्या आठवड्यात मात्र एक काम आठवणीने करा: गावी जाणाऱ्या पेशंटकडे पुरेशा गोळ्या आहेत का ते विचारा. मिरगीच्या गोळ्या चार दिवस चुकल्या की झटके येतात.

पेशंट डॉक्टर म्हणाले तर?

‘मी फार्मासिस्ट, तुमच्या औषधांचं पाहते’ असं सांगा. डिग्रीचं काय ते नंतर. लोकांना तुमचं काम कळलं की पुढच्या वेळी पिशवी घेऊन तुमच्याकडेच येतात.

पुढे नोकरी कुठे?

गोव्यात हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बेंगळुरू, हैदराबाद, पुणे इथल्या मोठ्या हॉस्पिटलांत आणि औषध-सुरक्षेच्या कंपन्यांत जास्त. दुसऱ्या प्रकारच्या नोकरीत पगार बरा असतो, पण पेशंट दिसत नाही. दिवसभर पडद्यावर केस. काहींना तेच आवडतं. शिकवणं, क्लिनिकल ट्रायल, स्वतःचं औषधांचं दुकान हेही मार्ग आहेत. दुकान काढायचं तर राज्याच्या फार्मसी कौन्सिलची नोंदणी हवीच, आणि शेड्यूल एच-वनच्या (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या) औषधांचं रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायची तयारीही.

अमेरिकेला जायचं असेल तर आधी परदेशी फार्मासिस्टांची समकक्षता परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, मग लायसन्सची. चार वर्षांच्या बी. फार्म.वर ती परीक्षा देता येत नाही, सहा वर्षांच्या फार्म. डी.वर देता येते. खर्च आणि वर्षं दोन्ही मोजून मग ठरवा.

डी. फार्म. किंवा बी. फार्म. करणाऱ्यांना असं प्रशिक्षण मिळतं का?

डी. फार्म.ला ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. ते दुकानात नुसती सही करून ‘पूर्ण’ करणारे खूप. तसं केलंत तर ५०० तास वाया गेले. त्याच वेळात सिरिंज, इनहेलर, थेंबांचा ड्रॉपर हे सगळं लोकांच्या हातात देऊन समजावायला शिकता येतं, त्याला वॉर्ड लागत नाही.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

छोटी वही, दोन पेन (एक डॉक्टर नेतात), कॅल्क्युलेटर किंवा फोन, हाताचं सॅनिटायझर, आणि एप्रनला मोठे खिसे. स्टेथोस्कोप लागत नाही. डब्यात काहीतरी असू द्या. राउंड अकराला संपेल असं सांगतात, दीडला संपतो.